निघायची वेळ: एका स्क्वॉडच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

आजपासून वही. २१ जुलैला चिपळुणातल्या दोस्तमंडळींनी बीजीएमआयची, म्हणजे फोनवरच्या बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या गेमची, कस्टम रूम (फक्त बोलावलेल्यांची खासगी मॅच) ठरवली आहे. विमानातून उडी मारायची, बंदुका शोधायच्या, शेवटपर्यंत जी टीम जिवंत ती पहिली. सहा मॅच, चौघाचौघांचे स्क्वॉड, प्रवेश फी नाही. बक्षीस एक चषक, आणि हरणाऱ्यांच्या पैशाने मिसळ. गुण मोठ्या स्पर्धांसारखेच: पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १, आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे समोरचा एक खेळाडू मारल्याला, १. नवव्या नंबरपासून जागेचं काहीच मिळत नाही.

आम्ही चौघे. मी, खेर्डी एमआयडीसीत शिफ्टवर. आतेभाऊ ओंक्या, पुण्याहून खेळणार. गोवळकोटचा सल्या, ज्याचा नेम आमच्यात सगळ्यांत बरा. आणि चिऊ, माझी बहीण, बारावीला. चिऊ सतरा वर्षांची असल्यामुळे तिच्या खात्याला बाबांची परवानगी लागते आणि गेम तिला दिवसाला तीन तासांवर खेळू देत नाही. एरँगल या नकाशावरची एक पूर्ण मॅच साधारण अर्ध्या तासाची, म्हणजे सरावाला दिवसाला पाच, फार तर सहा मॅच. बाकी तिघांना सहा तासांची मुभा आहे, पण वेळापत्रक चिऊच्या घड्याळावर.

वहीत मी दोन रकाने आखले: कुठे उतरलो, कितवे आलो. चिऊने तिसरा वाढवला: कसे मेलो. तिची अट अशी की त्यात "नशीब" लिहायचं नाही. "लॅग" लिहायचं असेल तर चौघांपैकी आणखी कुणीतरी तो बघितलेला असला पाहिजे. सल्या म्हणाला, मग माझा रकाना रिकामाच राहणार.

रविवार, ९ जून

चार मॅच, चारही वेळा पोचिंकी. नकाशाच्या मध्यावरचं गाव, घरं दाटीची, त्यामुळे विमान कुठूनही गेलं तरी निम्मी जनता तिथेच उडी मारते. सल्याचा आग्रह होता, "भिडल्याशिवाय हात बसत नाही."

निकाल: १९, २२, १६, २१.

कसे मेलो, याची उत्तरं मजेशीर आहेत. पहिल्या मॅचला मी आणि ओंक्या एकाच छतावर उतरलो. छतावर एक बंदूक. "तू घे", "नाही तू घे" हे लग्नाच्या पंगतीसारखं चाललेलं असताना खालून जिन्याने एक जण शॉटगन घेऊन आला. दुसऱ्या मॅचला आम्ही उतरलो ते आधीच दुसरी टीम उतरलेल्या घरांत. हवेत असताना नाक खाली करून सरळ सूर मारला तर वेग ताशी २३४ किलोमीटरपर्यंत जातो. आम्ही मात्र मधेच आडवे होऊन तरंगत देखावा बघत होतो. दोन सेकंद उशिरा पोचलेल्याला बंदूक नाही, बंदूकवाला भेटतो.

ठरलं: विमानात असतानाच प्रत्येकाचं घर ठरवायचं. एका घरात दोघे नकोत, पण हाक मारली तर धावत पोचता येईल इतक्या अंतरात चौघे हवेत.

बुधवार, १२ जून

आज सल्या खूश. ११ फिनिश, आम्ही सातवे. चिऊने रिझल्टच्या पानावरची नावं बघितली आणि म्हणाली, "दादा, यातले निदान सात बॉट आहेत."

खरं होतं. बॉट, म्हणजे माणसाऐवजी गेमच चालवतो तो खेळाडू, उघड्यावर उभा राहून गोळ्या मारतो, आडोसा घेत नाही, धावता धावता मधेच थबकतो. आमची खाती वर्षभर धूळ खात पडली होती, त्यामुळे खालच्या टियरच्या लॉबीत बॉट भरपूर मिळतात. स्पर्धेच्या रूममध्ये एकही नसणार. तेव्हा वहीत फिनिश लिहिताना बॉट वजा करायचे. सल्याचे ११ वरून ४ झाले. तो रागावून लवकर ऑफलाइन गेला.

शनिवार, १५ जून

पोचिंकी बंद. नवीन जागा मायल्टा पॉवर, नकाशाच्या पूर्व टोकाचं वीजकेंद्र. तिकडे सहसा गर्दी नसते आणि लूट चौघांना पोटभर. आज तिन्ही मॅचमध्ये उतरताना कुणी भेटलंच नाही. ओंक्या म्हणाला, हेच तर हवं होतं.

मग तिसऱ्या मॅचचा झोन, म्हणजे जिवंत राहायला गाठायचं वर्तुळ, पडला पश्चिमेला, जॉर्जोपोलकडे. आम्ही आठ किलोमीटरच्या नकाशाच्या एका काठावर आणि पांढरं वर्तुळ दुसऱ्या काठावर. तरी आम्ही निघालो नाही. सल्याला चारचा स्कोप हवा होता, ओंक्याला लेव्हल तीनची बॅग, मला एम४१६ ची मॅगझिन. "एक घर राहिलंय" हे वाक्य आम्ही चौघांनी मिळून किती वेळा बोललो याची मोजदाद चिऊने ठेवली: नऊ. निघालो तेव्हा निळी भिंत, म्हणजे आकसत येणारी कड जिच्या बाहेर जीव उतरत जातो, पाठीशी होती. गाडी एकच मिळाली, दाशिया, तीही अर्ध्या टाकीची. रोझोकच्या अलीकडे पेट्रोल संपलं. पुढे पायी.

निळ्यात पहिल्या टप्प्याला फारसं लागत नाही, फर्स्ट एड लावत लावत माणूस चालू शकतो. पण प्रत्येक टप्प्याला मार वाढतो. आम्ही दुसऱ्या भिंतीत सापडलो, औषधं संपली, आणि चौघे एकही गोळी न झाडता मेलो. बॅगा मात्र भरलेल्या. कुणाला मिळाल्या असतील तर दिवाळी झाली असेल.

चिऊने चौथा रकाना आखला: कधी निघालो.

रविवार, १६ जून

नवा रकाना भरताना मागच्या मॅच आठवून बसलो. लढाईत नेम चुकल्यामुळे मेलो असं छातीठोक म्हणता येईल अशा फार थोड्या. बाकी सगळीकडे कुठून तरी निघायचं होतं आणि आम्ही थांबलो होतो. लुटीतून, जिंकलेल्या भांडणातून, आवडलेल्या घरातून.

मी हे बोललो तर सल्या म्हणाला, "भावा, तू लय विचार करतो. गोळी मार ना."

बुधवार, १९ जून

निघण्याचा नियम ठरवला. चौघांकडे मिळून एवढं झालं की निघायचं: प्रत्येकाकडे एक चालणारी बंदूक आणि शंभरभर गोळ्या, कसलंही हेल्मेट आणि व्हेस्ट, दोन फर्स्ट एड, दोन स्मोक (धुराचे बॉम्ब). स्कोप नसला तरी निघायचं. स्कोप रस्त्यात मिळतो. नाहीतर जो आपल्याला मारायला येतो त्याच्याकडे असतोच.

हेल्मेटवरून वाद झाला. लेव्हल एकचं डोक्यावरचा मार ३० टक्के कमी करतं, दोनचं ४०, तीनचं ५५. ओंक्याचं म्हणणं, दोनचं मिळाल्याशिवाय गाव सोडू नये. पण कार९८ या स्नायपर बंदुकीची गोळी डोक्यात बसली तर दोनचंही वाचवत नाही, आणि एडब्ल्यूएम असेल तर तीनचंही नाही. मग त्या १० टक्क्यांसाठी पाच घरं जास्त फिरायची? मला पटत नाही. डोकं कमी वेळ बाहेर काढावं, हे जास्त स्वस्त पडतं.

स्मोकबद्दल मात्र एकमत. सुरुवातीला आम्ही स्मोक टाकून द्यायचो आणि ग्रेनेड भरायचो. नॉक झालेल्याला, म्हणजे पडलेल्या पण अजून न मेलेल्या साथीदाराला, उचलायला दहा सेकंद लागतात. उघड्यावर दहा सेकंद म्हणजे दोघांचं श्राद्ध. आता प्रत्येकाने कमीत कमी दोन.

शनिवार, २२ जून

गाड्यांचा दिवस. मोठ्या स्पर्धांत टीमचे चौघे चार गाड्या घेऊन फिरतात, ते ओंक्याने बघितलेलं होतं. आम्हाला वाटायचं ऐट असेल. आज करून बघितलं.

चौघे एका गाडीत असले की एक ग्रेनेड किंवा एक चांगली मॅगझिन पुरते. चार गाड्या असल्या की चौघांवर एकाच वेळी नेम धरता येत नाही. आणि माळरानावर झोन आला, झाड नाही की दगड नाही, तर चार गाड्या आडव्या लावून मागे बसता येतं. तसं बसताना आपल्याच गाडीची टायरं फोडून ठेवायची, म्हणजे ती खाली बसते आणि बुडाखालून पाय दिसत नाहीत. गाडीतून धूर यायला लागला की मात्र पळायचं, तिथे माया नको.

तोटा म्हणजे आवाज. गाडी लांबून ऐकू येते. म्हणून शेवटचा टप्पा पायी.

मिलिटरी बेसच्या बेटावर उतरायचं नाही हेही आज ठरलं. लूट कितीही असो. बाहेर यायला दोन पूल, आणि पुलावर गाड्या आडव्या लावून बसलेले भाडेकरू नेहमीचेच. होडीने येता येतं, पण होडी शोधायला पुन्हा वेळ.

रविवार, २३ जून

आजचा शोध चिऊचा, आणि तो पूर्ण महिन्यातला सगळ्यांत मोठा.

मी शेवटच्या दहांत गवतात पालथा पडून होतो. माझ्या स्क्रीनवर गवत इतकं दाट की मला माझीच बंदूक दिसत नव्हती. वाटलं, आता देवही शोधू शकत नाही. टेकडीवरून एकाने निवांत तीन गोळ्यांत मारलं. मी ओरडलो, हॅकर! चिऊने वही समोर धरली: "नशीब नाही, हॅकरही नाही."

मग ट्रेनिंगमध्ये तिने मला गवतात झोपवलं आणि स्वतः लांब जाऊन स्कोपमधून बघितलं. तिच्या स्क्रीनवरचं चित्र पाठवलं. गवत गायब, हिरव्या सपाट जमिनीवर मी शेणाच्या गोवरीसारखा पडलेलो. फोनवर लांबचं गवत रेखाटलंच जात नाही. जवळच्याला मी दिसत नाही, लांबच्याला उघडानागडा दिसतो. आणि आम्ही आजवर लांबच्याच लोकांपासून गवतात लपत होतो!

यापुढे लांबचा शत्रू असेल तर झाड, दगड, भिंत, नाहीतर जमिनीचा खळगा. गवत फक्त अगदी जवळच्यासाठी.

बुधवार, २६ जून

लाईट नाही. नोंद नाही.

शनिवार, २९ जून

सराव रद्द. वर्ल्डकप फायनल. सात धावांनी जिंकलो. सल्या गोवळकोटहून भर पावसात पेढे घेऊन आला.

मंगळवार, २ जुलै

ओंक्या दोनदा औषध लावताना मेला. मेडकिट पूर्ण भरतं पण आठ सेकंद खातं. फर्स्ट एडला सहा, आणि ते ७५ टक्क्यांपर्यंतच नेतं. ओंक्याला ७५ वर राहवत नाही, हिरवी पट्टी पूर्ण भरलेली बघायची सवय. त्याने दार उघडं ठेवून, खिडकीसमोर उभं राहून मेडकिट लावलं.

खरं तर ७५ नंतरचं काम एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलरवर सोडायचं. ते हळूहळू पट्टी भरत राहतात आणि आपण चालत राहतो. बूस्टची पट्टी साठ टक्क्यांच्या वर राखली तर पळायचा वेगही थोडा वाढतो. म्हणून झोनमध्ये धाव घेण्याआधी प्यायचं, मार खाल्ल्यावर नाही. हा क्रम आम्ही सगळेच उलटा करत होतो.

बाबा मागून बघत होते. म्हणाले, "या गावाला एरँगल का म्हणतात?" ओंक्याला माहीत होतं: मूळ गेम बनवणाऱ्या ब्रेंडन ग्रीनने मुलगी एरिनच्या नावावरून ते घडवलं. बाबा म्हणाले, "मुलीच्या नावाचं गाव आणि त्यात ही मारामारी?" आणि दुकानात गेले.

रविवार, ७ जुलै

पाच मॅच. आज भांडणातून निघण्याचा सराव.

याचं दुखणं असं. आपण एका टीमचे दोन नॉक करतो, अंगात येतं, उरलेल्या दोघांच्या मागे लागतो. गोळीबाराचा आवाज अर्ध्या नकाशाला जातो. तिसरी टीम शांतपणे येते, दोन्ही टीम अर्धमेल्या असतात तेव्हा दार ठोठावते. आमच्या वहीत "तिसरे आले" हे कारण सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं गेलंय. आणि त्यातही निम्म्या वेळा आम्ही जिंकलेलो होतो. मेलेल्यांच्या सामानाची क्रेट (पेटी) उघडून बसलो होतो. सल्या क्रेटवर वाकला की त्याला जगाचं भान राहत नाही, साडीच्या सेलमधल्या मावशीसारखा एकेक वस्तू बघतो.

नियम: गोळीबार सुरू झाल्यापासून चिऊ मनात मोजते. साठपर्यंत निकाल नाही लागला तर स्मोक टाकून मागे. जिंकलो तर एकच जण क्रेट लुटतो, तिघे बाहेर तोंड करून. त्या एकाने गोळ्या आणि औषधं घ्यायची, बाकी सोडायचं. तो एक जण सल्या नसतो.

पाचपैकी तीन वेळा पाळला गेला. ४, ६, १७, १४, ३. सतरा आणि चौदा कुठल्या, हे सांगायला नको.

बुधवार, १० जुलै

आज खेळलो नाही, गणित केलं.

लपून राहण्याची चटक आम्हाला लागायला लागली होती. गेममधल्या रँकसाठी ते ठीक, तिथे टिकून राहण्याचे गुण भरपूर मिळतात. पण रूमचं कोष्टक वेगळं आहे. लपून छपून चौथे आलो, एक फिनिश: ५ गुण. नववे आलो पण सहा फिनिश: ६ गुण. म्हणजे नुसता जीव वाचवणारा हरतो. आणि पोचिंकीत पहिल्या पाच मिनिटांत दोन फिनिश करून मरणारा त्याहून जास्त हरतो.

वहीत बॉट वजा करून बघितलं तर आमचे बरेचसे फिनिश शेवटच्या दोन-तीन वर्तुळांतले. तिथे सगळे नाइलाजाने धावत असतात, आडोसा सोडून. जो आधी पोचून बसलाय त्याला मिळतात. म्हणजे शेवटच्या आठांत चौघे जिवंत पोचायचं, चांगल्या जागी, आणि भूक तिथे काढायची. चौघे, हे महत्त्वाचं. दोघे पोचलो की आम्ही पुन्हा लपतोच.

काठाने जायचं की मध्यावर यावरही बोललो. मध्यावर लवकर गेलं तर घर मिळतं, पण चहूबाजूंनी लोक येतात. काठाने गेलं तर पाठ निळ्या भिंतीने सांभाळली जाते, पण पुढे कुणीतरी आधीच बसलेलं असतं. ओंक्या मध्याचा, मी काठाचा. ठरलं नाही.

रविवार, १४ जुलै

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नेटवर्क इतकं वाईट की सल्या चालत चालत भिंतीत जातो. दोन मॅच करून सोडून दिलं. "लॅग" आज रकान्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं, चौघांच्या सह्यांनी.

संध्याकाळी बाबा दुकानातला खालच्या फळीचा माल वर चढवत होते. दरवर्षी जुलैत चढवतात. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा ते दुकानातच होते. माल वर ठेवत राहिले, अजून एक फळी, अजून एक फळी. शेवटी माळ्यावर अडकले, दुसऱ्या दिवशी खाली उतरले. वह्यांचे गठ्ठे वाचले होते, पेनं वाहून गेली. मी हे वहीत का लिहितोय ठाऊक नाही. माल चढवताना चिऊने विचारलं होतं, "बाबा, किती वाजता निघायला हवं होतं?" ते म्हणाले, "ते आता विचारून काय."

बुधवार, १७ जुलै

आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाऊन तीन मॅच. २, ८, ५. सल्यालाही एक डबा दिला.

शनिवार, २० जुलै

शेवटचा सराव, मुद्दाम कमी. ग्राफिक्स सगळ्यांचे स्मूथवर, फ्रेम फोन झेपेल तितके वर. ओंक्याचे ब्लूटूथ इअरफोन काढायला लावले. आवाज जरा मागून येतो, आणि पावलांच्या बाबतीत ते जरा म्हणजे जिना चढून झालेला असतो. वायरवाले जुने शोधले.

बोलण्याची पद्धत ठरली. "तिकडे आहे, तिकडे" बंद. होकायंत्रावरचा आकडा आणि एक खूण: "२१० ला, लाल छपराखाली." निघायचा हुकूम फक्त माझा.

रविवार, २१ जुलै

रूममध्ये अठरा टीम.

पहिली मॅच: आम्ही सहावे, दोन फिनिश. चार गुण. दुसरी: तेरावे. सल्या क्रेट. तिसरी: मिरामार, वाळवंटात आडोसा नाही, पण चार गाड्या कामाला आल्या. तिसरे, चार फिनिश. नऊ गुण. चौथी: ओंक्याचं नेट पुण्यात गेलं, तिघांनी ओढत नेऊन आठवे, एक फिनिश. पाचवी: दहावे, तीन फिनिश. मी काठाने जायचा हट्ट धरला आणि पुढच्या कंपाउंडमध्ये आधीच एक टीम चहा पीत बसल्यासारखी बसलेली. चूक माझी.

सहावी, एरँगल. झोन यास्नाया पोल्याना या गावाच्या खालच्या टेकड्यांवर. आम्ही चौघे जिवंत, दोन दगड आणि एक मेलेली यूएझेड जीप एवढा आडोसा. चार टीम उरल्या होत्या. पुढचं वर्तुळ पडलं, आम्ही त्याच्या बाहेर, हातभर अंतराने. मी म्हणालो, "स्मोक टाका, निघा."

सल्याने स्मोक काढला. चिऊ म्हणाली, "दादा, थांब."

"निळा येतोय."

"येऊ दे. खालचे आपल्याहून बाहेर आहेत. ते आधी निघतील."

मी पुन्हा म्हणालो, निघा. ती हललीच नाही. ती हलली नाही म्हणून सल्या हलला नाही, आणि मी एकटा काय पळणार. भिंत अंगावर आली, पट्टी उतरायला लागली. ओंक्याने पेनकिलर घेतली. मी मनात आकडे मोजत होतो. आणि खालचे निघाले. चौघेच्या चौघे, उघड्यावर, आमच्या दगडांसमोरून. सल्याचे दोन, चिऊचा एक, ओंक्याचा एक. मग आम्ही त्यांच्याच सोडलेल्या स्मोकमधून आत.

शेवटी दुसरे आलो. एकूण फिनिश सात, त्या मॅचचे १३. सगळ्यांची बेरीज ३१, पाचवा नंबर. चषक पेठमापच्या पोरांनी नेला, मिसळीचे पैसे आम्हीही भरले.

रात्री वही चिऊने भरली. सहाव्या मॅचसमोर, "कधी निघालो" च्या रकान्यात तिने लिहिलंय: दादाच्या दुसऱ्या हाकेनंतर, बऱ्याच वेळाने.